उलटी धरलेली सुई

प्रिय चिऊ,

ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर चढू देत, वाचून घे. डॉक्टर म्हणाले तसंच झालंय. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेचं तेवढं दिसतं. तुझा फोटो धरला की तुझे दोन्ही कान छान दिसतात. तेवढ्यावरून ओळखते मी माझ्या पोरीला! पण सुईचं टोक काही दिसेना. दुकानात भरतकाम करणारी मी एकटीच. तेव्हा दुकान बंद करून मी तुझ्याकडे यायचं, हे तुम्ही ठरवूनही टाकलंत. मी आपली दुकानात तोंड पाडून बसायला लागले.

तुझ्या काकूला मात्र ते बघवेना. तिचं आणि माझं एका स्वयंपाकघरात कधी जमलं नाही, तुला ठाऊकच आहे. मागच्या महिन्यात दुकानात आली आणि म्हणाली, असं तोंड करून बसायचं तर घरी बस, इथं गिऱ्हाईक घाबरतं. मग तिनंच एका पट्टीवर पांढरा धावदोरा घातला आणि निळा दोरा ओवलेली सुई माझ्या हातात दिली. कापड टोचायचंच नाही, प्रत्येक टाक्याखालून नुसता दोरा काढत जायचा, एकाच बाजूनं. साध्या टाक्यांना पीळ बसून त्यांचा गोफ होतो. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! कसलं काय, टोक दर वेळी कापडात रुतायचं. पट्टी चुरमडली, मी ती भिरकावली, आणि मग आम्ही दोघींनी तुझ्या आजीच्या वेळेपासूनची उणीदुणी काढली. भांडता भांडताच तिनं सुई हिसकावून उलटी फिरवली. नेढं पुढं, टोक मागं. अगं, बोथट नेढं टाक्याखालून सुळकन गेलं! मी डोळे मिटून केलं, तरी गेलं. टाका बोटांना लागतो गं, बघावा लागतच नाही. मला रडूच फुटलं. ती म्हणाली, रड, पण कापडावर नको.

मग काय, धावदोरा तिचा, गोफ माझा. हॉटेलनं भरतकामाला दिलेले टेबलक्लॉथ मी तसेच परत पाठवणार होते, ते आम्ही पुरे केले. हॉटेलची मालकीण भारी चिकित्सक. कापड उलटून बघते तर मागं निळ्याचा मागमूस नाही. खूश होऊन म्हणाली, अगदी डोळ्यांत तेल घालून केलंय काम! काकूला हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग केलं. आता पडदेही आम्हालाच दिलेत तिनं. मी जिंकले गं चिऊ!

जावईबापूंनी दुकान विकायला गिऱ्हाईक बघितलंय ना, त्याला नाही म्हणून कळवायला सांग. फोनवर बोलले असते तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून हे पत्र. माझ्यासाठी रिकामी केलेली खोली तूच वापर. सुट्टीत आठ दिवस येईन, काकूलाही आणीन, भांडायला कुणीतरी हवं ना! पण परतीचं तिकीट आधीच काढून येईन.

तुझीच,
दुकानवाली आई