ढमी का चावते

बोरीवली,
६ जानेवारी २०२५

चि. नंदूस,
अ. आ. फोनवर बोलायचा मला हल्ली कंटाळा येतो, म्हणून हे पत्र.

आमची ढमी मांजर परत चावली. मांडीवर घेऊन कुरवाळत होते, चांगली डोळे मिटून बसली होती, आणि एकदम मनगटाला दात. महिन्यातली ही तिसरी खेप. इंजेक्शनं चालू आहेत. यांना तिने कधी ओरखडासुद्धा काढला नाही. हे गेल्याला दोन वर्षं झाली, घरात ती आणि मी दोघीच. तिलाही मी नको असेन तर उगाच कशाला अडवू? दिंडोशीची आपली भाची, अक्षता, १९ तारखेला तिला घेऊन जाईल म्हणते. तुझं काय मत?

मुलुंडला थंडी पडली का? गुडघ्यांना जप. आठवण ठेव.
तुझी ताई

मुलुंड,
१२ जानेवारी २०२५

ती. सुगंधाताईस,
शि. सा. न. काल तोंडावर बोलवेना, म्हणून लिहितो.

काल चारदा बेल वाजवली. शेवटी शेजारच्या केतनने त्याच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. तू पाठमोरी बसून ढमीला कुरवाळत होतीस. तिची शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले, मग ती गुरगुरली. मला दारात ऐकू आलं. तुझा हात थांबला नाही. ती आणखी जोरात गुरगुरली, मी हाक मारली, आणि मग ती चावली.

ताई, ती न सांगता चावत नाही गं. भावोजी ऐकून हात काढून घ्यायचे. तुला ऐकू येत नाही. कधीपासून?

फोनवर तू नुसतं हो-हो करायचीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. म्हणून मीच फोन कमी केले. ते आता फार लागतंय.

रागावू नकोस, लोभ आहेच, तो राहू दे.
नंदू

बोरीवली,
१७ जानेवारी २०२५

चि. नंदूस,
अ. आ. यांच्या आजारपणातच कमी ऐकू यायला लागलं. जायच्या दिवशी हे माझा हात धरून काहीतरी बोलले. मला कळलं नाही. काय म्हणालात, असं दोनदा विचारलं. तोवर हे दमले होते. नवऱ्याचं शेवटचं बोलणं ऐकू आलं नाही, हे कुणाला सांगू? कान ठीक आहेत, असंच म्हणत राहिले.

अक्षताला नको म्हणून कळवलं. आता मी शेपटीकडे बघते. हलली की हात काढते. ढमी मांडीवरून उठत नाही.

पुढच्या शनिवारी, २५ला, कान दाखवायचे ठरवलेत. तू ये. डॉक्टर काय म्हणतात ते मला कागदावर लिहून दे, सगळं, काही गाळू नकोस.

वाट बघते.
ताई