आतून न उघडणारं दार

सोमनाथ,

उद्या कोर्टात आपली शेवटची तारीख आहे आणि मला घरात बसवत नाहीये. सकाळपासून नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

काल शाळेच्या कामासाठी हरसूलला गेले होते. तिथल्या बाजारात आपली पहिली गाडी दिसली. तीच, रंग उडालेली, चढावर धापा टाकणारी. मागच्या सीटच्या जागी नागलीची पोती होती. मी जवळ जाऊन बॉनेटवर हात ठेवला, तसा आत बसलेला माणूस म्हणाला, "काय पायजे ताई?"

"ही आधी आमची होती," मी म्हणाले.

तेवढ्यात त्याच्या बायकोने बाहेरून दार उघडलं आणि तो उतरला. ते दार अजूनही आतून उघडत नाही. तू आत अडकून "मॅडम, सोडवा आता" म्हणायचास आणि मी मुद्दाम रमतगमत यायचे, ते सगळं आठवलं.

"दुरुस्त नाही केलंत?" मी विचारलं.

ती हसली. "मीच नाय म्हटलं. कितीबी भांडलो तरी मला हाक मारल्याबिगर याला उतरता येत नाय."

परतताना बसमध्ये मी रडले. घरी येऊन वकीलबाईंना फोन केला, उद्या घटस्फोटाच्या कागदांवर सही करणार नाही म्हणून सांगितलं. त्या चिडल्या. तुला फोन करायचा धीर मात्र झाला नाही, आणि हे पत्रही मी पाठवणार नाही. उद्या कोर्टाच्या गेटवरच तुला गाठेन. तू काय म्हणशील, मला खरंच माहीत नाही.

अजून तरी तुझी,
हर्षाली