दादाचं तारण

सोमवार, ३ मार्च
वहिनीचा फोन. दादा दवाखान्यात. लिव्हर संपलंय, डॉक्टर म्हणतात आठवडा, फार तर दोन. 'ताई, तुम्हालाच भेटायचं म्हणतायत.'
म्हटलं, सवड नाही. लॅबमधून तीन कवळ्या उद्या द्यायच्यात. खोटं नव्हतं! कुणा परक्या म्हाताऱ्याच्या दातांपायी सख्ख्या भावाला टाळलं — आणि बरं वाटलं.

मंगळवार, ४ मार्च
पुन्हा फोन. दादाला म्हणे एकच विचारायचंय — माझं तारण गेलं का?
वा रे वा! सव्वीस वर्षांपूर्वी आईने हेच विचारलं होतं. दुखण्याने बेजार झाली होती बिचारी. एका दुपारी ओरडली, 'नको मला तुमचा तो ख्रिस्त!' मग स्वतःच घाबरली. माझं गेलं का, गेलं का, एकच धोशा. आणि उत्तर मिळालं — 'गेलं. पुन्हा मिळत नाही.' चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली आणि संपली.
शिकवण कोणाची? दादाची! दर रविवारी चर्चमध्ये मेजावर हात आपटून — ख्रिस्ताकडे पाठ फिरवलीत की तारण गेलं, मग नरकच! आई गेल्यावर वर्षभरात या महाशयांनी स्वतःच उपदेश सोडला, चर्च सोडलं, बाटली धरली.
दादाने आईला मारलं. दरवर्षी त्या तारखेला वहीत हेच लिहिते. आज तारीख नसताना लिहिलं.

रविवार, ९ मार्च
उपासनेनंतर चर्चच्या पाळकांना गाठलं. नवे आहेत, सगळ्यांशी गोडगोड. विचारलं, ज्याने विश्वासच टाकला त्याचं काय? म्हणाले, 'तारण म्हणजे छत्री नव्हे बाई, कुठेतरी विसरून यायला. देवाने दिलंय, ते जात नाही.'
म्हणजे दादा स्वर्गात! माझ्या शेजारी! अनंतकाळ!
म्हटलं, आणि जातं असं धरलं तर? 'मग मनात असा डूख धरणाऱ्याचंही जाईल की.' म्हणजे मी खाली — आणि तिथेही दादा! काही केलं तरी हा माणूस माझी पाठ सोडत नाही. पाळक हसले. मला हसू आलं नाही.

मंगळवार, ११ मार्च
प्लास्टरचा साचा दोनदा तडकला. मालक म्हणाला, 'कवळ्या लोकांच्या, आणि दातओठ तू खातेयस!'

गुरुवार, १३ मार्च
ठरलं. जाणार. तोंडावर सांगणार — गेलं. पाळकांची छत्री गेली खड्ड्यात! त्यालाही कळू दे, आईसारखं पडून राहणं काय असतं. वहिनीला म्हटलं, उद्या येते. रडायलाच लागली. 'देव तुमचं भलं करो, ताई.'

शुक्रवार, १४ मार्च
गेले. पिवळाजर्द झालाय. पोट फुगलेलं, हातांच्या काड्या. वहिनी चहा आणायला खाली गेली.
'पाळक येऊन गेले,' म्हणाला. 'ते सगळ्यांनाच बरं वाटेल ते बोलतात. तू माझ्यासाठी खोटं बोलणार नाहीस. सांग.'
'गेलं,' म्हटलं. 'पुन्हा मिळत नाही.'
डोळे मिटले त्याने. मग हळूच काहीतरी म्हणाला. मी तशीच उठून आले. काय म्हणाला ते लिहिणार नाही.

शनिवार, १५ मार्च
लिहितेच. म्हणाला, 'आईलाही असंच सांगितलंस तू. शिकवण माझी होती, म्हणून मी कधी कोणाला बोललो नाही.'
खरं आहे. तो औषध आणायला गेला होता. खोलीत आईजवळ मी एकटी. एकोणीस वर्षांची, सगळं पाठ! सव्वीस वर्षं या वह्यांत त्याचं नाव लिहीत आले.
निघते. 'नाही गेलं, दादा' एवढंच सांगायचंय. वहिनी फोन उचलत नाहीये.