वाकड्या बोटाची रेघ

शुक्रवार, १८ जुलै २०२५. संध्याकाळचे ७.१०, शारजा. ताटलीत भाजलेली बिबडी घेऊन बसलो आहे. खाल्लेली नाही.

गावाहून, खापरहून निघताना आईने ज्वारीच्या वीस बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे हाताने पसरलेले पापड, बांधून दिल्या होत्या. विमानतळावर बॅगेचे वजन जास्त झाले, तेव्हा मी त्याच काढून बाकावर ठेवल्या. बूट का नाही काढले? आईला अजून सांगितलेले नाही. मागच्या शुक्रवारी फोनवर ती म्हणाली, पुढच्या वेळी माझ्यासमोर खा. म्हणून आज पाच दुकाने फिरलो. शेवटी ज्वारीचे पापड मिळाले, यंत्रावरचे, गुळगुळीत.

आई ओल्या हाताने बिबडी पसरते. तिचे मधले बोट वाकडे आहे, म्हणून प्रत्येक बिबडीवर तीन रेघा सरळ आणि एक तुटक.

व्हिडिओवर भाजलेली बिबडी दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"मन्ह्या बोटेस्न्या रेघा कोठे गयात?"

"भाजावर दिखतस नही, माय."

ती ते मधले बोट चोळत राहिली. मग म्हणाली, "बरं. खाई ले, बेटा."

भाजल्यावर रेघा काळ्या पडतात आणि उलट जास्त दिसतात. हे तिला माहीत आहे. मलाही.