पोळपाटाचा नंबर

आलापल्ली, ११ जुलै २००७

तीर्थस्वरूप धनराजभाऊंना धाकट्या कुंताचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत, तिकडे वहिनींचे गुडघे कसे आहेत ते कळवा. (मागच्या पत्रातही विचारलं होतं, तुम्ही फक्त नागपूरच्या उकाड्याबद्दल लिहिलंत.)

आमचे सागवानी पोळपाट कॉम्प्युटरवरच्या बाजारात विकले जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमचे जावई (म्हणजे आमचे हे) लाकूड कातून गोल करतात, मी घासून तेल लावते आणि सायबर कॅफेवाला रईस फोटो टाकतो. दुकान माझ्या नावावर आहे, कारण नाव नोंदवायच्या दिवशी जावई बाजाराला गेले होते. नऊ पोळपाट गेले. मग पुण्याच्या एका मेसवाल्या बाईंनी एकदम चाळीस मागितले, पण विक्रीकराचा नंबर आहे का, असंही विचारलं. रईस म्हणाला, "ताई, नंबर नसन त मी माल पाठवत नाई. दोघंही आत जाऊ." या चाळीस पोळपाटांवर आमच्या लेकीच्या, आचलच्या नर्सिंगची पहिली फी भरायची होती.

आता भाऊ, आपल्याकडे लाकडाला नंबर कोण देतं? जंगलखात्याच्या डेपोतला हातोडा! त्याचा छाप नसेल तर नाक्यावरून ओंडका हलत नाही, हे आपण रांगायच्या वयापासून बघतो. मी एक पोळपाट पदराखाली घेऊन डेपोवर गेले. चौकीदार लालसू हसून हसून खाली बसला. "बाई, आरागिरणीची पावती हाय ना तुह्याजवळ? मंग छाप काऊन पाह्यजे?" पण मी ऐकते का? शेवटी त्याने मोडीत निघालेला एक हातोडा शोधला आणि ठाणकन पोळपाटाच्या मधोमध हाणला. संध्याकाळी पोळी लाटली, तर पोळीवरही छाप! जावई म्हणाले, "हे पोळी सरकारी हाय, खाल्ली त केस होईन," आणि चार खाल्ल्या.

रईसने कपाळाला हात लावला आणि मला बसमध्ये घालून चंद्रपूरच्या विक्रीकर कार्यालयात नेलं. साहेबांनी चहा पाजला हो! म्हणाले, माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जातो ना, मग वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल तर नंबरही नको आणि करही नको. बिल मात्र प्रत्येकाला द्या. रईसने मेसवाल्या बाईंना तेच कळवलं. चाळीस पोळपाट परवा रवाना झाले. आचल आतापासूनच मला इंजेक्शनची भीती घालते.

तुमच्या भाग्यश्रीला पापा.

तुमची,
कुंता

ता. क. : खरं सांगू भाऊ? नंबर नको म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. घरटॅक्स जावयांच्या नावाने, वीजबिल सासऱ्यांच्या नावाने (ते वारून बारा वर्षं झाली). माझ्या नावाने सरकारने आजवर काही मागितलंच नाही. मला विक्रीकर भरायचा आहे. पाच लाखांना अजून सहा हजार पोळपाट कमी पडतात, तर वहिनींच्या भिशीत बायका किती, ते उलट टपाली कळवा.

आणखी एक : वहिनींचा पोळपाट मात्र विकतच घ्या. साहेबांना विचारून आले आहे, भेट दिलेला विक्रीत धरत नाहीत.