कुंडीत ओतलेला काढा

मी, वय बासष्ट, धंद्याने शिंपीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कलम तीन वाचल्यावर ताईला तो खोटा वाटेल.

१. दोन खोल्या व दुकान माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावे. पुढच्या दाराची कडी उचलून लावावी लागते.

२. मोठी कात्री धाकट्या भावजयीला. तिने एकदा या कात्रीने पुठ्ठा कापला होता, हे मी विसरलेले नाही. आधी धार लावून घ्यावी.

३. माझी थोरली बहीण झाडपाल्याची औषधे करते. स्तनाच्या कर्करोगाचे माझे ऑपरेशन झाल्यापासून पाच वर्षे ती रोज काढा घेऊन आली. "नाक दाब आणि पी!" "प्यायले गं, ताई." ती वळली की मी तो खिडकीतल्या कुंडीत ओतत असे. उपचार चालू असताना दुसरे काही घेऊ नका, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, आणि ताईचे मन मला मोडवत नव्हते. आजार थांबून राहिला तो रुग्णालयाच्या औषधांनी. ताई मात्र गावभर माझाच दाखला देत राहिली. चूक तिची नाही, माझी आहे.

४. भाची प्रयोगशाळेत याच पाल्याचा अर्क तपासते. "मावशी, काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी हळू पसरतात. माणसात काय होईल, ते अजून कळलेलं नाही." ताईने पहिले वाक्य तेवढे ऐकले. चार महिन्यांपूर्वी आजार हाडांत पोचला. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंना विचारून मी काढा खरोखर पिते आहे. तारखांची वही भाचीला द्यावी. पोरी, पाच वर्षे धरू नकोस, चारच महिने धर. बरे-वाईट जे निघेल ते लिही.

५. गेल्या आठवड्यात समोरची शिक्षिका म्हणाली, "काकू, तुमचं बघून मी रुग्णालय सोडलं. नुसता काढाच घेते." सुई माझ्या बोटात गेली. म्हणून कलम तीन ताईने दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला वाचून दाखवावे. ताई, माझ्यावर रागाव, पण वाच.

६. कुंडीतले झाड ताईला. छताला टेकले आहे.

ठिकाण: शिवणाचे टेबल. दिनांक: चौदा मार्च.
सही: शिंपीण

साक्षीदार पहिली: रुग्णालयातील परिचारिका.
साक्षीदार दुसरी: समोरची शिक्षिका. सही करण्याआधी तिने कलम तीन दोनदा वाचले. सोमवारी ती रुग्णालयात जाणार आहे. सोबत मी जाते आहे.