खिडकीत हवं एक मूल

३ जून
आले एकदाची! खोली काडेपेटीएवढी, कॉट करकरते, पण नळाला पाणी आहे. आणखी काय हवं? कामही गमतीचं. चित्रकार बाई प्रवासाची चित्रं काढतात आणि स्वतः घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. नसलेल्या गावांची प्रवासवर्णनं मी लिहायची, त्यांनी ती रंगवायची. थापा मारायचा पगार! सात वर्षांची लेक ताईकडे ठेवलीय. महिन्याभरात बरी जागा बघून तिला घेऊन येईन. तिच्याशिवाय करमणार नाही, म्हणून ही वही.

५ जून
गाव रचलं. पूल, घड्याळाचा मनोरा, निळ्या दाराचं दुमजली घर. बाईंनी नाक मुरडलं. गाव मेलेलं वाटतं म्हणाल्या; वरच्या खिडकीत एक मूल हवं, तेही खरंखुरं, मनाने रचलेलं नको. मग मी लेकीलाच तिथे बसवलं. पडलेला दात, भुवईवरची खोक, सगळं लिहिलं. बाई पहिल्यांदाच हसल्या. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

७ जून
बाईंनी चित्र दाखवलं. खिडकीत हुबेहूब तीच. दुपारी ताईला फोन लावला, लेकीला दे म्हटलं. ताईला थट्टाच वाटली. तुला कधी गं मूल झालं, म्हणाली.

८ जून
लेकीच्या शाळेत फोन करून विचारलं. अशी मुलगी पटावर नाही. पाकिटातल्या आमच्या दोघींच्या फोटोत आता मी एकटीच. ताईला फोनवर ही वही वाचून दाखवली. ती रडायलाच लागली. तिथे गोष्टी लिहून लिहून तुझं डोकं फिरलंय म्हणते.

९ जून
बाईंना जाब विचारला. मान वर न करता म्हणाल्या, थापा लिहिणारीच्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? चित्रातल्या खिडकीची झडप रंगवत होत्या. अर्धी बंद झालीय —

१० जून, सकाळ
तिला लिहूनच तिथे धाडली ना मी — मग स्वतःलाही लिहिते. पूल ओलांडला. मनोरा. निळं दार. वर खिडकी — आहे! हाक मारली. खाली ये गं, घरी जाऊ. अनोळखी बाईबरोबर जायचं नाही म्हणाली, आई रागावते. अगं, मीच — ती आत वळून कुणाला तरी आई म्हणतेय. जिन्यावर पावलं. दार उघडलं — बाई. रंगाचे हात पुसत विचारतात, कोण हवंय. मी लेकीचं नाव सांगायला जाते आणि तिचं नाव काय होतं —